सरोवराकाठचा दिवा आणि तीन घरे

श्रोतेहो, दीपगृह म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे समुद्र उभा राहतो. कोकणातल्या मंडळींना तर हे सांगायलाच नको. थळच्या समोर खांदेरीच्या बेटावर १८६७ सालापासून दीपगृह आहे, आणि मुंबईच्या दक्षिण टोकाशी प्राँग्जच्या खडकावर उभे आहे ते १८७५ सालचे. घाटावरच्या ज्या श्रोत्यांनी समुद्र पाहिला नसेल त्यांनी देवळापुढची दीपमाळ डोळ्यांपुढे आणावी. आज ज्या दीपगृहाची हकीकत सांगणार आहे ते मात्र समुद्रावर नाही. समुद्रापासून शेकडो मैल आत, अमेरिकेच्या मिनेसोटा नावाच्या राज्यात, एका गोड्या पाण्याच्या सरोवराच्या काठी ते उभे आहे. त्याचे नाव स्प्लिट रॉक, म्हणजे दुभंगलेला खडक.

गोड्या पाण्याच्या तळ्याला दीपगृह कशाला हवे, असे कुणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पण हे तळे आपल्या रंकाळ्यासारखे किंवा व्यंकटेशाच्या पुष्करणीसारखे नव्हे. सुपीरिअर सरोवर सुमारे ३१,७०० चौरस मैल पसरलेले आहे, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या पाव भागाहून अधिक. ते इतके खोल आहे की सर्वांत खोल जागी कुतुबमिनारासारखे पाच मनोरे एकावर एक रचले तरी वरचे टोक पाण्याबाहेर येणार नाही. एका काठावरून दुसरा काठ दिसत नाही. वारा सुटला म्हणजे लाटा समुद्रासारख्याच उठतात, आणि पाणी भर उन्हाळ्यातही हाडे गोठवणारे असते.

या पाण्यावरून काय जाते? प्रामुख्याने लोखंडाचे खनिज. ज्यांनी गोव्यात मांडवीच्या पात्रातून तांबड्या मातीने भरलेल्या बार्जी जाताना पाहिल्या असतील, त्यांना हे चित्र लगेच समजेल. मिनेसोटाच्या डोंगरांतून खनिज काढायचे, रुळांवरून डुलुथ आणि टू हार्बर्स या बंदरांत आणायचे, आणि तिथून चारशे-पाचशे फूट लांबीच्या बोटींत भरून पूर्वेकडच्या पोलादाच्या भट्ट्यांकडे न्यायचे. १८८४ सालापासून टू हार्बर्सहून हे खनिज जाऊ लागले. हिवाळ्यात बंदरे गोठतात, म्हणून वर्षभराचा सगळा व्यापार वसंत ऋतूपासून डिसेंबरपर्यंत उरकावा लागे. शेवटची खेप साधून घ्यावी म्हणून नोव्हेंबरात बोटींची धांदल उडे, आणि नेमका नोव्हेंबर हाच तिथल्या वादळांचा महिना.

उत्तरेच्या या किनाऱ्यावर खलाशांना दोन अडचणी होत्या. पहिली खोलीची. साधारणपणे किनारा जवळ आला की पाणी उथळ होते. मग दोरीला शिसे बांधून ते पाण्यात सोडायचे, तळ किती वाव खाली लागला ते पाहायचे, आणि जमीन जवळ की दूर ते ठरवायचे, ही सगळ्या जगातल्या नावाड्यांची रीत. इथे कडा सरळ पाण्यात उतरलेला, त्यामुळे काठाच्या अगदी जवळ येईपर्यंत शिशाला तळच लागायचा नाही. दुसरी अडचण होकायंत्राची. या भागातल्या खडकांत लोखंडाचा अंश आहे. चुंबकाची सुई लोखंडाजवळ नेली की भलतीकडे वळते, हा प्रयोग शाळेतले मूलही करून पाहते. तसेच काहीसे येथे होई, असे खलाशी सांगत. वाट दाखवणारी दोन्ही साधने जिथे दगा देतात, तिथे हिमवादळात बोट हाकणे म्हणजे काय, याची कल्पना करावी.

१९०५ साली ही कल्पना करण्याची गरज उरली नाही. त्या वर्षी २७ आणि २८ नोव्हेंबरला सुपीरिअरवर मोठे वादळ झाले. ‘माताफा’ नावाची बोट डुलुथ बंदराच्या तोंडाशी येऊन धक्क्यावर आपटली आणि मोडली. हे घडले ते काही निर्जन जागी नाही. किनाऱ्यावर गावचे हजारो लोक जमले होते. बोट हाकेच्या अंतरावर अडकलेली, पण लाटांमुळे त्या रात्री कोणी तिच्यापर्यंत पोहोचू शकेना. लोकांनी किनाऱ्यावर शेकोट्या पेटवल्या. बोटीवरच्या माणसांना निदान दिसावे की आपल्याला कोणी विसरलेले नाही. सकाळी सुटकेची होडी पोहोचली तेव्हा चोवीसांपैकी पंधरा जण जिवंत होते. नऊ माणसे मागच्या भागात थंडीने गोठून मेली होती. हे वादळ आजही या बोटीच्याच नावाने ओळखले जाते.

त्याच वादळात तिथून सुमारे पन्नास मैलांवर ‘विल्यम एडनबॉर्न’ नावाची बोट ‘मडीरा’ला दोराने ओढत नेत होती. मडीरा म्हणजे इंजिन नसलेला, ४३६ फूट लांबीचा मोठा बार्ज. वादळात दोन्ही बोटी वाचणार नाहीत असे दिसल्यावर एडनबॉर्नच्या कप्तानाने जोडणारा दोर तोडायला सांगितला. त्याला दोष देणे आज सोपे आहे. मला ते धाडस होत नाही. दोर तोडूनही त्याची बोट वाचली नाही, स्प्लिट रॉक नदीच्या मुखाशी किनाऱ्यावर चढून ती मोडलीच. मडीरा मात्र एका उभ्या कड्यावर आदळू लागली. तिच्यावर फ्रेड बेन्सन नावाचा एक खलाशी होता. लाटेबरोबर बोट कड्याशी गेली त्या क्षणी हातात दोर घेऊन त्याने कड्यावर उडी मारली. बर्फाने माखलेला तो कडा तो अंधारात चढून गेला, वर जाऊन दोराला दगड बांधून खाली सोडला, आणि आधी पुढच्या टोकाचे तिघे, मग मागच्या टोकाचे पाच जण वर चढून आले. दहांपैकी एक, बोटीचा मेट, बुडाला. नऊ वाचले.

त्या वादळात एकोणतीस बोटींचे नुकसान झाले. आता इथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. त्यांतल्या जवळजवळ एक-तृतीयांश बोटी एकाच मोठ्या पोलाद कंपनीच्या मालकीच्या होत्या, आणि त्यांचा विमा उतरवलेला नव्हता. म्हणजे तोटा थेट कंपनीच्या अंगावर आला. मग कंपनीची मंडळी राजधानीला गेली आणि सरकारकडे दीपगृहाची मागणी केली. १९०७ साली काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, त्यासाठी ७५,००० डॉलर मंजूर केले. बुडालेल्या खलाशांच्या बायकामुलांच्या अर्जावर सरकारने इतकी तत्परता दाखवली असती का, असा प्रश्न मनात येतो. पण दिवा एकदा लागला की तो मालक आणि मजूर असा भेद करीत नाही, हेही खरेच.

दीपगृह बांधण्याचे काम राल्फ रसेल टिंकहॅम या इंजिनिअरकडे आले. जागा निवडली ती पाण्यापासून १३० फूट उंच कड्याच्या माथ्यावर. तिथे पोहोचायला रस्ता नव्हता. मागे सगळे अरण्य. तेव्हा सारा माल पाण्यातून आणायचा आणि कड्यावर चढवायचा. त्यासाठी आधी वाफेवर चालणारी यारी कड्यावर उभी केली. विटा, सिमेंट, पोलाद, लाकूड, गवंड्यांचे पीठमीठ, सगळे बोटीतून यायचे आणि यारीच्या दोराला लटकत वर जायचे. १९०९ साली काम सुरू झाले. खडक सुरुंगाने फोडून पाया घेतला आणि त्यावर पोलादी सांगाड्याभोवती विटांचा अष्टकोनी मनोरा उभारला. मनोरा फक्त ५४ फुटांचा आहे. पाहणाऱ्याची थोडी निराशाच होत असेल! पण खालचा कडाच एवढा उंच, की दिवा पाण्यापासून १६८ फुटांवर येतो. निसर्गाने अर्ध्याहून अधिक मनोरा आधीच बांधून ठेवला होता म्हणा ना.

शिक्षकबंधूंनी इथे फळ्यावर एक हिशेब करून दाखवावा. मुलांना तो आवडेल. पृथ्वी गोल असल्यामुळे दिवा कितीही प्रखर असला तरी ठराविक अंतरापलीकडे तो क्षितिजाखाली जातो. ते अंतर काढण्याची सोपी रीत अशी: उंची फुटांत घ्यावी, तिचे वर्गमूळ काढावे, आणि त्याला १.२२ ने गुणावे. उत्तर मैलांत येते. १६८ चे वर्गमूळ जवळजवळ १३. त्याला गुणले की सुमारे १६ मैल. पण पाहणारा खलाशीही पाण्याच्या पातळीवर बसलेला नसतो. तो पंचवीस फूट उंचीवर उभा आहे असे धरा. पंचविसाचे वर्गमूळ ५, गुणून ६ मैल. दोन्ही मिळून झाले २२. आणि स्प्लिट रॉकच्या दिव्याचा सरकारी पल्ला नोंदवलेला आहे तो २२ मैलच. ढगांवर उजेड पडून त्याची झळाळी याहून पुष्कळ दूरवर दिसत असे, ती गोष्ट वेगळी.

आता खुद्द दिवा. आपल्याकडे लग्नाच्या वरातीत किंवा तमाशाच्या फडात जी गॅसबत्ती असायची, ती आठवा. पंप मारून रॉकेलची वाफ करायची आणि ती वाफ रेशमी जाळीत पेटवायची, की पांढराशुभ्र उजेड पडतो. स्प्लिट रॉकचा दिवा त्याच जातीचा होता. मग वीस-बावीस मैल जाणारा झोत त्यातून निघे कसा? ती करामत भिंगाची. साध्या दिव्याचा उजेड चहूकडे सांडतो. आकाशात जातो, जमिनीवर पडतो, फुकट जातो. ओगस्तँ फ्रेनेल नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने एक युक्ती काढली. एकच जाडजूड भिंग करण्याऐवजी काचेच्या लोलकांच्या कड्या एकाभोवती एक अशा बसवायच्या, आणि प्रत्येक कडीला असा कोन द्यायचा की वरखाली सांडणारा उजेड वळून एकाच दिशेला जावा. असे पहिले भिंग १८२३ साली फ्रान्समधल्या कोर्दुआँ येथील दीपगृहावर बसले. फ्रेनेल चारच वर्षांनी, एकोणचाळिसाव्या वर्षी, वारला. त्याची युक्ती मात्र जगभर पसरली.

स्प्लिट रॉकचे भिंग पॅरिसमध्ये तयार झाले. त्यात २५२ लोलक आहेत, आणि दोन शिंपले समोरासमोर जोडावेत तसा त्याचा आकार आहे. हे अवजड भिंग पाऱ्याच्या कुंडात तरंगते, त्यामुळे ते फिरवायला फारच थोडे बळ पुरते. ते बळ मिळे वजनाच्या घड्याळातून. भिंतीवरच्या जुन्या घड्याळात लोंबते वजन हळूहळू खाली येते आणि काटे चालतात, तेच तत्त्व. मनोऱ्याच्या मधोमध वजन खाली उतरे आणि भिंग फिरे. भिंगाला दोन तोंडे, एका फेऱ्याला लागायचे वीस सेकंद. म्हणून दूरच्या खलाशाला दर दहा सेकंदांनी एक झळक दिसायची. ही दहाची मोजणी फार महत्त्वाची. प्रत्येक दीपगृहाची झळक वेगळी ठेवतात. खलाशी मनातल्या मनात अंक मोजतो आणि ओळखतो, की हे अमुक ठिकाण. दिवा दिसला एवढ्याने भागत नाही, तो कोणता हे कळले पाहिजे.

आणि हे वजन दर दोन तासांनी तळाशी येई. ते पुन्हा वर चढवायला माणूस लागे.

इथून पुढे ही हकीकत मनोऱ्याची राहत नाही, माणसांची होते. कोकणात राखणदार म्हटले की वेशीवरचा देव आठवतो. या दिव्याचे राखणदार मात्र पगारी सरकारी नोकर होते, एक मुख्य आणि दोन मदतनीस. मनोऱ्यापासून थोड्या अंतरावर त्यांच्यासाठी पिवळसर विटांची तीन दुमजली घरे एका ओळीत बांधली. मला विशेष वाटते ते हे, की तिन्ही घरे सारखीच आहेत. मुख्याला मोठा बंगला आणि मदतनिसाला खोपटे, असा प्रकार नाही. रात्रीचा पहारा ज्याच्या त्याच्या पाळीला सारखाच यायचा, तेव्हा घरही सारखे.

३१ जुलै १९१० या दिवशी दिवा पहिल्यांदा लागला. पहिले मुख्य राखणदार होते ओरेन यंग. त्यांना सगळे पीट म्हणत. १९२८ सालापर्यंत, म्हणजे अठरा वर्षे, त्यांनी हा दिवा सांभाळला. नोव्हेंबरात तिथली रात्र चौदा तासांहून मोठी असते. हिशेब करा: एका रात्रीत सात वेळा चावी. मध्येच दिव्याची जाळी काजळली तर ती बदलायची, खिडक्यांवर बर्फ धरले तर बाहेर जाऊन ते खरवडायचे. दिवस उजाडला म्हणजे काम संपले असे नाही. काचा पुसायच्या, पितळ घासायचे, रॉकेल भरायचे, आणि दिवसभर पडदे ओढून ठेवायचे. पडदे कशासाठी? सूर्याचा उजेड त्या भिंगात उलटा शिरला तर आतल्या वस्तू पेटायच्या. भिंगाने कागद जाळण्याचा खेळ आपण सगळ्यांनीच केलेला आहे. पाऱ्याची वाफही अंगाला घातक असते. तसल्या कुंडाजवळ या माणसांनी किती रात्री काढल्या!

धुक्याचे दिवस आणखी कठीण. उन्हाळ्यात गरम दमट हवा त्या थंडगार पाण्यावरून येते आणि दाट धुके धरते. धुक्यात दिव्याचा काही उपयोग नाही. म्हणून मनोऱ्याशेजारी भोंग्याचे वेगळे घर होते. पेट्रोलच्या इंजिनांनी हवा दाबून भोंगा वाजवायचा, आणि धुके उठेपर्यंत थांबायचे नाही. शेजारच्या घरात झोपलेल्या माणसांचे काय होत असेल ते त्यांनाच ठाऊक.

रस्ता नाही, शेजार नाही. टपाल आणायचे तर होडीने बीव्हर बे नावाच्या गावी जावे लागे. दिवा लागून पुरते अडीच महिनेही झाले नव्हते, ऑक्टोबर १९१० मध्ये, तेव्हा दोन्ही मदतनीस टपालासाठी होडीतून गेले आणि बुडाले. ज्या पाण्यावर बोटी बुडू नयेत म्हणून दिवा लावला, त्याच पाण्याने दिव्याच्या तीन राखणदारांपैकी दोघे नेले. दिव्याला रोज रात्री चावी द्यावी लागते, ती चुकवता येत नाही. आता सगळा भार यंग यांच्यावर आला. त्या तीन घरांतली दोन एकदम रिकामी झाली होती, हे त्या घरांकडे पाहताना विसरू नये.

डिसेंबरात बोटी थांबल्या की राखणदार दिवा बंद करून निघून जात आणि एप्रिलच्या सुमारास परत येत. सुरुवातीच्या वर्षांत बायकामुले बहुधा उन्हाळ्यापुरतीच येत. मूल कड्याच्या काठाशी गेले तर काय, ही धास्ती आईला कशी वाटत असेल ते सांगायला नको. पुढे १९१६ च्या सुमारास यारीऐवजी कड्यावरून रुळांची गाडी केली, आणि सामान थोडे सोयीने वर येऊ लागले.

आणि मग १९२४ साली किनाऱ्याने मोटारीचा रस्ता झाला. त्या एका रस्त्याने सगळे पालटले. टपालासाठी होडी नको, रुळांची गाडीही काही वर्षांनी नको झाली. ट्रकने सामान येऊ लागले. मुख्य म्हणजे माणसे येऊ लागली. कडा, पाणी आणि वर मनोरा हे दृश्य पाहायला शहरांतून मोटारी निघाल्या. ज्या राखणदारांना महिनोन्‌महिने नवे तोंड दिसत नव्हते, ते आता दिवसभर पाहुण्यांना जिना चढवून भिंग दाखवू लागले. यंग यांच्यानंतर १९२८ ते १९४४ पर्यंत फ्रँकलिन कोव्हेल मुख्य होते. त्यांच्या काळात तर पाहुण्यांचा राबता फारच वाढला. बिचाऱ्यांनी रात्रभर जागायचे आणि दिवसा पाहुणचार करायचा!

१९३९ साली अमेरिकेतली सगळी दीपगृहे तटरक्षक दलाकडे गेली. १९४० साली स्प्लिट रॉकला वीज आली आणि रॉकेलच्या बत्तीच्या जागी हजार वॅटचा बल्ब लागला. भोंगा १९६१ साली बंद झाला. तोपर्यंत बोटींवर रडार आणि रेडिओची साधने आली होती. अंधारात किनारा ‘पाहायला’ डोळ्यांची गरज कमी झाली. १९६९ साली दिवाही विझवला. वादळाने तो कधी विझला नव्हता, तो विझला कागदावरच्या हुकुमाने.

आता त्या जागेचे करायचे काय? आपल्याकडे गढ्या, वाडे, धर्मशाळा, पाणपोया यांचे काय होते ते आपण पाहतोच. उपयोग संपला की कौले जातात, मग वासे जातात, मग दगड कुणाच्या तरी जोत्याला लागतात. कुणाच्या मनात वाईट नसते. घर रिकामे असते एवढेच. स्प्लिट रॉकचे नशीब थोडे बरे. १९७१ साली ती जागा मिनेसोटा राज्याकडे उद्यानासाठी आली, आणि १९७६ पासून मिनेसोटाच्या इतिहास मंडळाने दीपगृहाची जबाबदारी घेतली. मंडळाने मनोऱ्यापुरतेच काम केले असते तरी लोकांनी वाहवा केली असती, कारण चित्रात दिसतो तो मनोराच. त्यांनी घरेही हाती घेतली. मला यात शहाणपण वाटते. नुसता मनोरा पाहिला तर दिवा आपोआप लागत असे असाच समज होतो. चूल पाहिली, बिछाने पाहिले, शेजारची तसलीच दोन घरे पाहिली, म्हणजे कळते की चावी द्यायला उठणारा माणूस कुठून उठत होता.

पण पूर्वीसारखे करायचे म्हणजे कोणत्या पूर्वीसारखे? हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. १९१० मध्ये घरे नवी होती, १९२४ नंतर पाहुणे आले, १९४० नंतर विजेच्या तारा आल्या. या सगळ्याच खुणा खऱ्या. त्या सगळ्या एकदम ठेवता येत नाहीत, कारण एक दाखवायची तर दुसरी पुसावी लागते. गावातल्या जुन्या देवळाचा जीर्णोद्धार करताना हाच वाद होतो: आजोबांनी लावलेल्या फरशा ठेवायच्या, की त्या काढून खालचा मूळ दगड उघडा करायचा? स्प्लिट रॉकला निर्णय झाला तो रस्ता येण्याच्या आधीच्या काळाचा. १९२४ च्या पूर्वी हे ठाणे जसे दिसत होते तसे ते करायचे ठरले, आणि एक घर त्या वेळच्या सामानसुमानाने मांडले. राखणदारांचा जुना वेष घातलेली माणसे आता पाहुण्यांना त्या काळची रीत समजावून सांगतात.

या निवडीला किंमत द्यावी लागली आहे. कोव्हेल यांच्या घरातल्या बायकामुलांनी, पाहुण्यांच्या गर्दीने, विजेच्या बल्बने जे दिवस पाहिले, ते त्या मांडणीत कमी दिसतात. तरीही निवड मला पटते. रस्त्यानंतरचे आयुष्य पाहणाऱ्याला ओळखीचे असते. रस्त्याआधीचे आयुष्य सांगितल्याशिवाय समजत नाही. आणि गंमत अशी, की जे लोक ते पाहायला येतात, ते सगळे त्या रस्त्यानेच येतात. पॅरिसचे भिंग अजून वर जागच्या जागी आहे. २०११ साली हे ठाणे अमेरिकेचे राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून जाहीर झाले.

आता शेवटची हकीकत. दिवा विझून सहा वर्षे झाली होती. १० नोव्हेंबर १९७५ रोजी ‘एडमंड फिट्झजेराल्ड’ नावाची खनिजाने भरलेली प्रचंड बोट सुपीरिअरवरच्या वादळात बुडाली. तिच्यावर एकोणतीस माणसे होती. एकही वाचले नाही. स्प्लिट रॉकचा दिवा चालू असता तरी ती वाचली असती असे म्हणता येत नाही. ती बुडाली सरोवराच्या दुसऱ्या टोकाला, पार पूर्वेकडे. रडार होते, रेडिओ होता, आणि नोव्हेंबरचे वादळही होते.

१९८५ सालापासून दर वर्षी १० नोव्हेंबरला संध्याकाळी लोक या कड्यावर जमतात. थंडी असते, पुष्कळदा बर्फ असते. बोटीवरच्या एकोणतीस जणांची नावे एकेक करून वाचतात आणि प्रत्येक नावाला घंटेचा एक टोला देतात. तिसावा टोला या सरोवरांवर गेलेल्या बाकी सगळ्यांसाठी. त्यानंतर मनोऱ्यात दिवा लावतात, आणि जमलेली माणसे अंधारात उभी राहून दहा-दहा सेकंदांनी पाण्यावर जाणारी झळक पाहतात.